घरगुती पेल एल

फिकट माल्ट, पाणी, हॉप (एका वेलीची कडवट, वासाची फुले) आणि यीस्ट यांपासून घरच्या घरी, एका वेळी साधारण वीस लिटर, अशा बेताने केलेली हॉपच्या वासाची व कडवट चवीची बिअर. एल म्हणजे उबेत आंबवलेली बिअर, आणि पेल एलचे अनेक प्रकार आहेत. या नोंदीत अमेरिकी पद्धतीचा विचार केला आहे, कारण घरी बिअर करणारे लोक बहुधा तिच्यापासून सुरुवात करतात आणि पुढे कित्येक वर्षे तिचीच कृती घासूनपुसून घेत बसतात. करायला ती सोपी आहे, पण चूक मात्र पोटात घालत नाही. काळ्या स्टाउट बिअरमध्ये भाजक्या माल्टच्या आड बरेच काही दडते. पेल एलमध्ये तेच पहिल्या घोटाला कळते.

बार्लीला मोड आणून ती वाळवली की माल्ट होते. लोणारी कोळशाच्या किंवा लाकडाच्या धुरावर वाळवलेले माल्ट तपकिरी होई. दगडी कोळशापासून केलेल्या कोकच्या मंद आचेवर ते फिकट राहू लागले. त्यावरून अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये ‘पेल’ म्हणजे फिकी एल हे नाव रूढ झाले. आज आपल्याला ती तांबूस-सोनेरी दिसते. फिकी होती ती त्या काळच्या तपकिरी बिअरच्या मानाने. लंडनच्या बो भागातील हॉजसन या मद्यकाराची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून कोलकाता, मद्रास व मुंबईला येत असे. १८२० नंतर बर्टन-अपॉन-ट्रेंट गावच्या ऑलसॉप व बास यांनी त्या व्यापारात शिरकाव केला. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) भरपूर असते आणि त्यामुळे हॉपचा कडवटपणा कोरडा व धारदार लागतो. त्यांनी हे रसायनशास्त्र शिकून साधले नव्हते, गावचे पाणीच तसे होते. पुढे इतर गावांचे मद्यकार आपल्या पाण्यात जिप्सम घालू लागले.

अमेरिकेत या बिअरला नवा जन्म मिळाला तो एका हॉपमुळे. फगल ही इंग्रजी आणि सेरेब्रियांका ही रशियन जात यांच्या संकरातून ऑरेगनमध्ये तयार झालेला कॅस्केड हॉप १९७२ मध्ये लागवडीसाठी खुला झाला. त्याला पपनसाच्या सालीचा व फुलांचा वास असतो. युरोपी जातींच्या मवाळ, वनौषधींसारख्या वासाला सरावलेल्या नाकांना तो आधी उद्धट वाटला. कॅलिफोर्नियातील चिको गावात घरगुती बिअरच्या साहित्याचे दुकान चालवणाऱ्या केन ग्रॉसमन यांनी पॉल कामुसी यांच्यासह सिएरा नेवाडा ब्रूअरी काढली, आणि १९८० पासून तेथे कॅस्केड घालून होणारी पेल एल या प्रकाराचा नमुनाच ठरली. तिच्या बाटलीच्या तळाशी जिवंत यीस्टचा साका असतो. तो वाढवून कित्येकांनी आपापल्या घरी बिअर लावली. आज ‘चिको’ या नावाने ओळखला जाणारा यीस्टचा वाण घरगुती मद्यकारांच्या हाती सर्रास असतो.

दारूबंदी उठली तेव्हा अमेरिकेत घरी वाइन करायला मुभा मिळाली, बिअरला मात्र नाही. ती सूट राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने मिळाली. एका प्रौढाच्या घराला वर्षाला १००, तर दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन अशी मर्यादा त्यात आहे. विक्रीला परवानगी नाही. ब्रिटनमध्ये परवान्याची अट १९६३ मध्येच गेली होती.

कृती

वीस लिटरसाठी सुरुवातीला धरण्यासारखे माप असे: फिकट माल्ट साडेचार किलो आणि क्रिस्टल माल्ट (कॅरमलची गोडी देणारे माल्ट) ३०० ग्रॅम. दाणा भरडावा, त्याचे पीठ होऊ देऊ नये. फोल शाबूत राहिली तरच रस नीट गळतो. ही भरड ६६ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात तासभर मुरवली की माल्टमधली विकरे पिष्टाची साखर करतात. तापमान ६४ च्या जवळ ठेवले तर यीस्टला पचणारी साखर जास्त होते व बिअर कोरडी उतरते. ६९ च्या जवळ नेले तर न पचणारा भाग वाढतो आणि बिअर जिभेवर जड लागते. चोथ्यातून निथळलेला गोड रस म्हणजे वॉर्ट. तो तासभर खळखळून उकळतात. पहिली उकळी फुटताना पातेले उतू जाते, आणि शेगडीवर सांडलेला वॉर्ट काकवीसारखा चिकटून बसतो.

हॉप म्हणजे भांगेच्या कुळातील एका वेलीच्या मादी फुलांचे शंकू. त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशी ल्युप्युलिन नावाची पिवळी, राळेसारखी भुकटी असते. तिच्यात कडवटपणा देणारी अल्फा आम्ले आणि वास देणारी तेले एकत्र असतात, पण दोघांची गरज परस्परविरोधी आहे. अल्फा आम्ले मुळात फारशी कडू नसतात व पाण्यात नीट विरघळत नाहीत. उकळल्यावर त्यांची रचना बदलते आणि मग ती कडू होऊन वॉर्टमध्ये उतरतात. तेले मात्र त्याच उकळीत वाफेबरोबर उडून जातात. म्हणून हॉप एकदम न टाकता टप्प्याटप्प्याने टाकतात. वरील मापाला बारा टक्के अल्फा आम्ले असलेला मॅग्नम जातीचा हॉप १५ ग्रॅम उकळीच्या आरंभी, सहा टक्क्यांचा कॅस्केड ३० ग्रॅम शेवटची पंधरा मिनिटे उरताना व तेवढाच पाच मिनिटे उरताना घातला, तर टिन्सेथच्या सूत्राने कडवटपणा सुमारे ३५ आयबीयू येतो. (एक आयबीयू म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे एक मिलिग्रॅम बदललेली अल्फा आम्ले.) अमेरिकी पेल एलसाठी बिअर-परीक्षकांची मार्गदर्शिका ३० ते ५० ही कक्षा सांगते.

उकळलेला वॉर्ट लवकर निववून १८–२० अंशांवर यीस्ट घालतात. आरंभीची घनता (पाण्याच्या मानाने) १.०५२ व अखेरची १.०११ भरली, तर फरकाला १३१.२५ ने गुणून मद्यार्क सुमारे ५.४ टक्के निघतो. दहाबारा दिवसांत किण्वन उरकते. त्यानंतर बाटलीत भरताना लिटरमागे सहा ग्रॅम साखर घातली की उरलेले यीस्ट ती खाऊन फसफस तयार करते. घनता स्थिर होण्याआधीच बाटल्या भरल्या तर त्या फुटतात; काचा उडून इजा झाल्याची उदाहरणे आहेत. या छंदात स्वच्छतेइतकेच महत्त्व घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरला आहे.

कृती सुधारणे

पहिली बिअर बहुधा पिण्याजोगी होते, पण वास कमी पडतो. त्यावर नवशिक्याला एकच उपाय सुचतो: आणखी हॉप. खरे तर वास गेलेला असतो तो कुठेतरी उकळीत, जुन्या पाकिटात किंवा बाटली भरताना शिरलेल्या हवेत. म्हणून आधी गळती शोधावी आणि मग माप वाढवावे.

हॉपच्या जुनेपणापासून सुरुवात करावी. पाकिटावर अल्फा आम्लांचा टक्का छापलेला असतो. तो दर हंगामाला बदलतो, तेव्हा मागच्या वर्षीची मापे जशीच्या तशी उचलून चालत नाही. उघडे पाकीट फडताळात राहिले तर आम्ले व तेले दोन्ही झिजतात आणि हॉपला जुन्या चीजचा वास येऊ लागतो. हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवणे हा एवढाच उपाय आहे.

दुसरी जागा उकळीनंतरची. शेगडी बंद करून वॉर्ट ८० अंशांपर्यंत उतरू द्यावा, मग पन्नासेक ग्रॅम हॉप घालून वीस मिनिटे थांबावे. या तापमानाला कडवटपणा अगदी सावकाश वाढतो, तेले मात्र उतरतात. शेवटच्या उकळीतला हॉप कमी करून इकडे वळवला, तर तेवढ्याच हॉपात वास ठळक होतो. बहुतेक कृतींमध्ये हा एक बदल बाकी साऱ्यांपेक्षा जास्त फळतो.

तिसरा टप्पा ड्राय हॉपिंगचा, म्हणजे किण्वन संपत आलेल्या बिअरमध्ये न उकळलेला हॉप घालण्याचा. वीस लिटरला ६० ते १०० ग्रॅम पुरतात. ‘जितका जास्त तितका बरा’ हा समज इथेच फसतो: ऑरेगन स्टेट विद्यापीठाच्या लाफाँटेन व शेलहॅमर यांनी २०१८ मध्ये कॅस्केड वापरून दाखवले की, लिटरमागे आठ ग्रॅमांच्या पुढे गेल्यावर लिंबूवर्गीय वास तेवढ्या प्रमाणात वाढत नाही, उलट पाल्याचा, चहासारखा वास वर येतो. मुदतही लांबवू नये. दोनतीन दिवसांत बहुतेक तेले उतरलेली असतात. आठवडाभर ठेवलेल्या हॉपाला गवताची चव येते.

इथे एक जुनी खोडी आहे. हॉपमध्ये स्वतःची विकरे असतात आणि ती बिअरमधल्या न पचलेल्या शर्करांचे तुकडे करतात. मग झोपी गेलेले यीस्ट पुन्हा जागे होते, घनता उतरते, आणि मधल्या काळात बिअरला लोण्यासारखा डायअसेटिलचा वास येतो. ब्राउन व मॉरिस या ब्रिटिश रसायनज्ञांनी हे १८९३ मध्येच नोंदवले होते. पुढे ते विस्मरणात गेले, आणि भरमसाट हॉप घालणाऱ्या पिढीला बाटल्या उसळू लागल्यावर ते नव्याने शिकावे लागले. म्हणून ड्राय हॉपनंतर बिअर लगेच थंड न करता दोनतीन दिवस उबेत राहू द्यावी. थोडी बिअर झाकलेल्या पेल्यात ६० अंशांवर वीसेक मिनिटे ठेवून हुंगली, तर दडलेला डायअसेटिल कळतो.

पाण्याकडे लोक उशिरा वळतात. नळाच्या पाण्यातला क्लोरीन माल्टमधल्या फिनॉलांशी जुळून औषधी, दवाखान्याचा वास देतो. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची चिमूट तो घालवते. सल्फेट क्लोराइडच्या दुपटीच्या आसपास ठेवले की कडवटपणा स्वच्छ लागतो, उलट केले तर गोलाई येते. मॅशची, म्हणजे पाण्यात मुरणाऱ्या भरडीची, आम्लता ५.२ ते ५.६ पीएच मध्ये असावी. जिप्सम मात्र हात राखून घालावे, नाहीतर बिअर खनिजाची, खडूसारखी लागते.

क्रिस्टल माल्टबद्दल मत बदलले आहे. पूर्वीच्या कृतींत ते दहा टक्क्यांपर्यंत असे. आता पाच टक्के किंवा त्याहून कमी. त्याची कॅरमलची गोडी हॉपवर बसते, आणि बिअर जुनी होताना तीच मनुकांसारखी होते. तरीही ते पूर्ण काढल्यास पेल एल पोकळ वाटते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सर्वांत मोठी गळती ऑक्सिजनची. यीस्ट घालताना वॉर्टला हवा हवीच असते, किण्वनानंतर मात्र तीच घात करते. नळीतून खळाळत भरलेली बिअर दोनतीन आठवड्यांत रंगाने काळवंडते, कॅस्केडचा वास जातो आणि मागे ओल्या पुठ्ठ्याची व मधासारखी चव उरते. नळी बाटलीच्या तळापर्यंत न्यावी, बिअर वर फेस येईपर्यंत भरावी आणि फेसावरच बूच लावावे. याच कारणाने अनेक जण बाटल्या सोडून एकोणीस लिटरच्या स्टीलच्या पिंपांकडे वळतात. ही पिंपे मूळची शीतपेयांच्या यंत्रांची. कार्बन डायऑक्साइडने हवा हुसकून त्यांत बंद नळीने बिअर भरता येते. उजेडही टाळावा: रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाच्या मध्यस्थीने हॉपच्या कडू द्रव्यांपासून स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधीसारखे गंधकयुक्त संयुग होते. तपकिरी काच त्याला बऱ्याच अंशी अडवते, हिरवी फारशी नाही.

एका वेळी एकच बदल करावा, हा नियम सगळे सांगतात आणि फारसे कोणी पाळत नाही, कारण दोन बिअरींमध्ये महिना जातो. त्यावर तोडगा म्हणजे एकच वॉर्ट दोन भांड्यांत विभागायचा आणि फक्त ड्राय हॉप वेगळा ठेवायचा. चाखताना तीन पेल्यांची चाचणी घ्यावी: दोन पेले एकाचे, तिसरा दुसऱ्याचा, आणि वेगळा कोणता ते न बघता सांगायचे. नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा बरोबर येते, म्हणून एकट्याच्या एका घोटावर निकाल देऊ नये. करणाऱ्याला आपला बदल जाणवतोच. शेजाऱ्याला जाणवला तर तो कृतीत ठेवावा.

हातभट्टीशी या पद्धतीचा काही संबंध नाही. इथे ऊर्ध्वपातन नसते आणि माल्टच्या साध्या किण्वनात धोकादायक प्रमाणात मेथनॉल होत नाही. भारतातल्या दारूकांडांमागे बहुधा मिसळलेले औद्योगिक मेथनॉल असते. तरीही महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये परवान्याशिवाय मादक पेय तयार करणे गुन्हा आहे, आणि घरगुती बिअरला अमेरिकेसारखी सूट नाही. त्यामुळे हा छंद मराठी माणसाला कायदेशीरपणे करता येतो तो मुख्यतः परदेशात. इथे ताजी हॉपयुक्त एल मिळते ती परवानाधारक मायक्रोब्रूअरींमध्ये. त्यांपैकी डूलाली २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली.