सायफन कॉफी: पाणी वर ओढतं कोण?

माझ्याकडे कॉफीचा एक जुना काचेचा सायफन आहे. खाली गोल चंबू, वर दुसरं भांडं, त्याची लांब नळी खालच्या चंबूच्या तळापर्यंत गेलेली, मध्ये रबरी वायसर आणि खाली स्पिरिटचा दिवा. पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो, पाणी वर ओढतंय कोण? ओढत कोणीच नाही, ढकललं जातंय.

दिवा लावला की चंबूतली हवा तापून फुगते, त्यात वाफ मिसळते, वायसर घट्ट असल्यामुळे त्यांना बाहेर पडायला वाट नसते, मग त्या पाण्यावर दाब देतात आणि पाणी नळीतून वर चढतं. दाब लागतो तरी किती, तर १५ सेंटिमीटर चढायला वातावरणाच्या दाबापेक्षा जेमतेम दीड टक्का जास्त! त्यामुळे पाणी उकळायच्या आधीच चढायला लागतं. इटालियन मोका पॉटमध्ये, म्हणजे शेगडीवर ठेवायच्या धातूच्या कॉफीच्या भांड्यात, पण हाच प्रकार.

एकदा माझं पाणी खालीच खळाखळा उकळत राहिलं, वर एक थेंब नाही. वायसर कडक होऊन त्याला बारीक चीर गेली होती, वाफ तिथून निसटत होती. नवीन वायसर बसवला आणि दोन मिनिटांत पाणी वर.

वर पाणी आलं की कॉफी पावडर टाकून हलवायची. नळीच्या टोकाखाली थोडं पाणी उरतंच, त्याची वाफ बुडबुड्यांनी वर येत राहते आणि ती वाफ येतेय तोवर कॉफी खाली उतरत नाही. मिनिटभराने दिवा विझवायचा. आता खरी गंमत बघा. १ मिलिलिटर पाण्याची १०० अंशाला साधारण १७०० मिलिलिटर वाफ होते, तीच आता उलट आक्रसून पाणी होते, चंबूतला दाब झपकन उतरतो आणि खोलीतली हवा वरून कॉफीला दाबून वरच्या भांड्याच्या तळाशी बसवलेल्या कापडी गाळणीतून खाली ढकलते. शेवटी चोथ्यातून हवा शिरते, गुडगुड आवाज होतो आणि वर चोथ्याचा छोटा घुमट उरतो. म्हणजे नाव सायफन असलं तरी हा खरा सायफन नाहीच, काम सगळं दाबातल्या फरकाचं.

ही कल्पना १८३० च्या दशकात बर्लिनमध्ये निघाली, पुढच्या दशकात फ्रान्समध्ये लिऑनच्या मादाम वास्यू यांनी दोन काचेच्या गोळ्यांचं देखणं मॉडेल काढलं. पण साधी काच आचेवर तडकायची. १९१५ मध्ये कॉर्निंग कंपनीने पायरेक्स बाजारात आणली, ही काच तापल्यावर साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, आणि मग अमेरिकेत घरोघरी हे सायफन टिकायला लागले. जपानच्या जुन्या कॉफीघरांत ते आजही चालतात.

त्याच काळातला पर्कोलेटर मला कधीच आवडला नाही. त्यात तयार झालेलीच कॉफी पुन्हा पुन्हा पावडरीवरून फिरते, आणि कॉफीतला आंबटपणा आधी उतरतो, कडू द्रव्यं मागाहून, त्यामुळे जास्त फिरवलं की ती कडूजहर होते. सायफनमध्ये आच काढली की कॉफी आपोआप चोथ्यापासून सुटते.

जुना सायफन मिळाला तर आधी वायसर बघा. आणि कापडी गाळणी वाळू देऊ नका, धुऊन पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर त्यातलं कॉफीचं तेल खवट होतं आणि पुढच्या कपात तो वास उतरतो.