ट्रेल कॅमेरा: बॅटरीचे आयुष्य आणि विश्वासार्हता

ट्रेल कॅमेरा हा जनावरांच्या वाटेवर, पाणवठ्याजवळ किंवा चरण्याच्या जागी झाडाला बांधून ठेवण्याचा, समोरून प्राणी गेला की आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा आहे. वन्यजीव अभ्यासक त्याला कॅमेरा ट्रॅप म्हणतात. शिकार कायदेशीर असलेल्या देशांत, मुख्यतः अमेरिका व कॅनडात, हरणे कोणत्या वाटेने व कोणत्या वेळी फिरतात हे हंगामापूर्वी जाणून घेण्यासाठी शिकारी तो वापरतात. कॅमेऱ्यापाशी वारंवार गेले तर माणसाचा वास तिथे राहतो आणि सावध जनावरे ती वाट टाळू लागतात. म्हणून एकदा लावलेला कॅमेरा हात न लावता किती काळ नीट चालतो, हा या साधनाच्या उपयुक्ततेचा पहिला निकष ठरतो.

‘नीट चालतो’ याचा अर्थ इथे काटेकोरपणे घ्यावा लागतो. पूर्ण बंद पडलेला कॅमेरा लगेच लक्षात येतो. अर्धवट चालणारा कॅमेरा अधिक नुकसान करतो, कारण तो दिवसा छायाचित्रे घेत राहतो, रात्री मात्र काळी चौकट देतो किंवा काहीच टिपत नाही. पाहणारा त्यावरून ‘इथे रात्री जनावर येत नाही’ असा निष्कर्ष काढतो. ट्रेल कॅमेऱ्याच्या अनेक फसव्या नोंदींच्या मुळाशी वीजपुरवठ्याची ही अर्धवट अवस्था असते, त्यामुळे बॅटरी आणि विश्वासार्हता हे दोन वेगळे विषय मानणे चुकीचे ठरते.

पूर्वेतिहास

जनावराने स्वतःच आपले छायाचित्र काढावे ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील जॉर्ज शायरस तिसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तार ओलांडताच झगझगीत चूर्ण पेटवणारी व्यवस्था वापरून हरणांची रात्रीची छायाचित्रे घेतली. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने जुलै १९०६ च्या अंकात त्यांची ७४ छायाचित्रे छापली. पुढे अवरक्त संवेदक आला, तरी कॅमेऱ्यात ३५ मिलिमीटरची फिल्म होती तोवर ३६ छायाचित्रांनंतर काम थांबत असे. फिल्म आधी संपत असल्याने बॅटरीची फारशी चिंता नव्हती. डिजिटल कॅमेऱ्यांनी छायाचित्रांच्या संख्येवरचे बंधन काढले आणि मर्यादा बॅटरीवर येऊन ठेपली.

वीज कुठे खर्च होते

कॅमेरा बहुतेक वेळ अर्धवट झोपेत असतो. फक्त हालचाल ओळखणारा संवेदक आणि घड्याळ जागे असते. या अवस्थेत वापरला जाणारा प्रवाह अगदी थोडा असतो, पण तो चोवीस तास चालू राहतो. जनावर समोर आले की प्रोसेसर जागा होतो, चित्र टिपतो, ते कार्डावर लिहितो आणि पुन्हा झोपतो. रात्री यात अवरक्त एलईडी दिव्यांची भर पडते. एका छायाचित्रासाठी लागणाऱ्या विजेचा सर्वांत मोठा वाटा हे दिवे घेतात.

हिशेब समजण्यासाठी एक गृहीत उदाहरण घेऊ. एए आकाराचे, म्हणजे पेन्सिल सेल म्हणून ओळखले जाणारे आठ सेल एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडणीत आहेत. त्यांतून २,००० मिलिअँपिअर-तास इतकी वापरण्याजोगी क्षमता मिळते. झोपेतील प्रवाह ०.२ मिलिअँपिअर आहे आणि रात्रीचे एक छायाचित्र दोन सेकंद १ अँपिअर घेते. मग नुसत्या झोपेत दिवसाला ४.८ मिलिअँपिअर-तास जातात, तर रात्रीच्या एका छायाचित्राला सुमारे ०.५६. रोज रात्री दहा छायाचित्रे निघाली तर सेल सहा महिन्यांहून थोडे अधिक टिकतात. तोच कॅमेरा, तेच सेल ठेवून छायाचित्रांऐवजी ३० सेकंदांचे दहा व्हिडिओ घेतले, तर एका व्हिडिओला ८ मिलिअँपिअर-तासांहून अधिक लागतात आणि सगळा साठा तीन आठवड्यांच्या आसपास संपतो.

यावरून खोक्यावर छापलेल्या ‘बॅटरी एक वर्ष’ अशा दाव्याला फारसा अर्थ का नाही हे दिसते. रात्रीच्या छायाचित्रांचे प्रमाण, व्हिडिओची लांबी, तापमान आणि सेलचा प्रकार सांगितल्याशिवाय दिलेला महिन्यांचा आकडा ग्राहकाला काहीच सांगत नाही. खरे तर उत्पादकांनी झोपेतील प्रवाह आणि रात्रीच्या एका छायाचित्राचा खर्च, एवढे दोनच आकडे छापले तरी कोणालाही आपला हिशेब स्वतः मांडता येईल.

दिव्यांच्या प्रकारानेही खर्च बदलतो. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे दिवे पेटताना मंद लाल दिसतात, तर ९४० नॅनोमीटरचे माणसाला जवळजवळ दिसत नाहीत. मात्र सिलिकॉन प्रतिमा-संवेदकाची ९४० नॅनोमीटरला संवेदनशीलता कमी असते. तेवढ्याच विजेत रात्रीचा पल्ला कमी होतो, किंवा तोच पल्ला हवा असेल तर जास्त वीज द्यावी लागते. छायाचित्राचे वाढवलेले मेगापिक्सेल हाही छुपा खर्च आहे. पुष्कळ कॅमेऱ्यांत मूळ संवेदक थोड्या मेगापिक्सेलचा असतो आणि मधले बिंदू गणिताने भरून चित्र फुगवलेले असते. त्यातून नवा तपशील मिळत नाही, फाइल मात्र मोठी होते आणि ती लिहीपर्यंत प्रोसेसर जागा राहतो.

सेलचे प्रकार

अल्कलाइन सेल सर्वत्र मिळतात आणि स्वस्त असतात. जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड यांच्यातील अभिक्रियेवर ते चालतात. त्यांचा दाब (व्होल्टेज) नव्या अवस्थेतील १.५ व्होल्टपासून हळूहळू उतरत जातो आणि अंतर्गत रोध वाढत जातो. हाच त्यांचा ट्रेल कॅमेऱ्यातील खरा दोष. दिवसा लागणारा माफक प्रवाह ते देऊ शकतात, पण रात्री एलईडी पेटताच दाब एकदम खचतो आणि कॅमेरा चित्र अर्धवट सोडून पुन्हा सुरू होतो. दुसऱ्या दिवशी पडद्यावर बॅटरी निम्मी दिसते, कारण विश्रांतीनंतर दाब पुन्हा वर आलेला असतो.

एकदाच वापरण्याचे लिथियम सेल लिथियम आणि आयर्न डायसल्फाइड यांचे असतात. त्यांचा नाममात्र दाबही १.५ व्होल्टच असल्याने ते एए आकाराच्या जागेत थेट बसतात. एका सेलचे वजन सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे अल्कलाइन सेलच्या दोन-तृतीयांशाच्या जवळपास असते. क्षमता ३,००० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास किंवा अधिक मिळते आणि मोठा प्रवाह काढला तरी ती फारशी घटत नाही. दाब जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो, त्यामुळे रात्रीची छायाचित्रे पहिल्या दिवसासारखीच उजळ येतात. याच गुणाची दुसरी बाजू अशी, की दाब मोजून चालणारा बॅटरीदर्शक बराच काळ ‘भरलेली’ असे दाखवतो आणि मग एकदम शून्यावर येतो. लिथियम सेल घातलेल्या कॅमेऱ्याच्या दर्शकावर विसंबू नये. किती छायाचित्रे निघाली यावरून उरलेल्या आयुष्याचा अंदाज करणे अधिक सुरक्षित आहे.

पुन्हा चार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइड सेलचा दाब १.२ व्होल्ट असतो. आठ सेलच्या कॅमेऱ्याला १२ ऐवजी ९.६ व्होल्ट मिळतात. काही कॅमेरे एवढ्यावर उत्तम चालतात, काही नव्याने भरलेले सेल घालूनही ‘बॅटरी कमी’ म्हणून रात्रीचे दिवे मंद करतात. त्यांचा अंतर्गत रोध कमी असल्याने दाब चालत असेल तर रात्रीच्या कामाला ते अल्कलाइनपेक्षा सरस ठरतात. जुन्या प्रकारचे सेल न वापरताच उतरत असत. २००५ मध्ये सान्यो कंपनीने एनेलूप हे अत्यल्प स्वयं-उतार असलेले सेल आणल्यावर महिनोन्‌महिने जंगलात राहण्याच्या कामासाठी हा प्रकार विचारात घेण्याजोगा झाला.

एक धोका इथे स्पष्ट सांगायला हवा. १४५०० या क्रमांकाचा लिथियम-आयन सेल दिसायला एए सेलसारखाच असतो, पण त्याचा दाब ३.७ व्होल्ट असतो. असे आठ सेल १२ व्होल्टच्या कॅमेऱ्यात घातले तर जवळपास ३० व्होल्ट जातात आणि कॅमेरा जळतो.

जुने आणि नवे, किंवा निरनिराळ्या प्रकारचे सेल मिसळणेही तितकेच वाईट. एकसर जोडणीतला सर्वांत अशक्त सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्यातून प्रवाह ढकलत राहतात, त्याचे ध्रुव उलटतात आणि तो गळू लागतो. अल्कलाइन सेलमधून येणारा पोटॅशियम हायड्रॉक्साइड धातूच्या पट्ट्या खातो. पांढरी पूड दिसली की व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसून जागा पूर्ण कोरडी करावी लागते.

थंडी आणि ऊन

उत्तरेकडील देशांतील शिकारीचा हंगाम शरद आणि हिवाळ्यात येतो, नेमका सेलना सर्वांत जड जाणारा. अल्कलाइन सेलमधील विद्युत-अपघटनी पदार्थ पाण्याचा असतो. गोठणबिंदूखाली त्यातील आयनांची हालचाल मंदावते आणि −२०° से. च्या आसपास मोठा प्रवाह मागितल्यास क्षमतेचा लहानसा हिस्साच हाती लागतो. लिथियम-आयर्न डायसल्फाइड सेलमध्ये पाणी नसते. ते −४०° ते ६०° से. पर्यंत काम करतात. थंड प्रदेशात महाग असूनही हेच सेल अखेर स्वस्त का पडतात, हे एका हिवाळ्यात कळते.

सौर पट्टी आणि लिथियम-आयन बॅटरी यांची जोडी अलीकडे फार वापरली जाते. उघड्या कुरणाच्या कडेला ती छान चालते. दाट झाडीत पट्टीवर दिवसातून थोडाच वेळ ऊन येते आणि बर्फ साचला तर तेवढेही नाही. शिवाय लिथियम-आयन बॅटरी ०° से. खाली चार्ज केली तर ऋणाग्रावर धातुरूप लिथियमचा थर बसतो, क्षमता कायमची घटते आणि आत शॉर्ट होण्याचा धोका निर्माण होतो. थंडीत चार्जिंग रोखणारे सर्किट आहे की नाही हे घेण्यापूर्वी पाहणे आवश्यक आहे. बाहेरची ६ किंवा १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी जड असते, पण एकाच जागी दीर्घकाळ राहणाऱ्या कॅमेऱ्याला ती भरवशाची सोबत देते.

मोबाइल जाळ्याने चालणारे कॅमेरे

छायाचित्र थेट फोनवर पाठवणाऱ्या कॅमेऱ्यात मॉडेम हा मोठा ग्राहक ठरतो. कॅमेऱ्याला दर वेळी जाळे शोधावे लागते, नोंदणी करावी लागते आणि मग चित्र पाठवता येते. सिग्नल कमकुवत असेल तर प्रक्षेपणाची शक्ती वाढते, पाठवणी फसते आणि पुन्हा प्रयत्न होतात. म्हणून शेजारच्या टेकडीवर तीन महिने टिकणारे सेल दरीत काही आठवड्यांत संपू शकतात. प्रत्येक छायाचित्र लगेच पाठवण्याऐवजी दिवसातून दोनदा एकगठ्ठा पाठवले तर बराच फरक पडतो.

या कॅमेऱ्यांचा भरवसा दूरसंचार कंपनीच्या निर्णयांवरही असतो. अमेरिकेत २०२२ मध्ये एटी अँड टी, टी-मोबाइल आणि व्हेरायझन यांनी आपली थ्रीजी जाळी बंद केली, तेव्हा त्यांवर चालणारे धडधाकट कॅमेरे एका दिवसात मुके झाले. त्याच वर्षी १ जानेवारीपासून ॲरिझोना राज्याने शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे वापरण्यावर बंदी घातली. नेव्हाडा व युटा यांनी वर्षातील ठरावीक काळापुरते निर्बंध लावले आहेत. जनावराचा ठावठिकाणा क्षणात कळणे ही न्याय्य शिकार आहे का, हा त्यामागचा प्रश्न गंभीर आहे आणि तंत्रज्ञान जितके भरवशाचे होईल तितका तो टोकदार होत जाणार.

हुकलेली जनावरे, रिकामे फोटो

संवेदक पायरोइलेक्ट्रिक असतो. त्याला प्राणी ‘दिसत’ नाही. त्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या दृष्टिक्षेत्रात अवरक्त प्रारणाचा फरक सरकला की तो कॅमेऱ्याला उठवतो. म्हणून आडवे जाणारे जनावर सहज टिपले जाते, सरळ कॅमेऱ्याकडे चालत येणारे उशिरा. उन्हाळ्याच्या दुपारी जमीन आणि खडक जनावराच्या केसांच्या पृष्ठभागाइतकेच तापलेले असतील तर फरकच उरत नाही आणि मोठे हरीणही नोंदीशिवाय निघून जाते.

उलट, उन्हाने तापलेली डोलणारी फांदी दिवसभर कॅमेऱ्याला उठवत राहते. रिकाम्या छायाचित्रांचा त्रास केवळ पाहणाऱ्याच्या वेळेचा नाही, ती सेल आणि कार्ड दोन्ही खातात. समोरचे गवत आणि लोंबत्या डहाळ्या काढणे, उत्तर गोलार्धात कॅमेऱ्याचे तोंड उत्तरेकडे ठेवणे आणि तो डोलणार नाही अशा जाड बुंध्याला बांधणे, हे तीन उपाय महागड्या बॅटरीपेक्षा जास्त आयुष्य मिळवून देतात, असे ठामपणे म्हणता येते.

इतर बिघाड

दाराच्या रबरी पट्टीत मातीचा कण अडकला की ओल आत जाते. मुंग्या उबेला पेटीत घर करतात, कोळी दिव्यांपुढे जाळे विणतो आणि रात्रीचे चित्र पांढरे होते. दिवस-रात्र बदलताना सरकणारी अवरक्त गाळणी अडकली तर दिवसाची चित्रे गुलाबी येतात. कार्ड हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ते संगणकाऐवजी त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करावे आणि कॅमेऱ्याने सांगितलेल्या क्षमतेपेक्षा मोठे घालू नये. जुने कॅमेरे ३२ जीबीपुढची कार्डे अनेकदा वाचतच नाहीत. अस्वलांपासून आणि चोरांपासून पोलादी पेटी व तारेचे कुलूप बऱ्यापैकी संरक्षण देतात.

नोंदींची खातरजमा

कॅमेरा लावताना आणि काढताना त्याच्यासमोरून चालत जाऊन आपले छायाचित्र निघते का हे पाहण्याची पद्धत आहे. त्यातून पहिला आणि शेवटचा दिवस पक्का होतो, मधल्या काळाबद्दल आणि रात्रीबद्दल मात्र काहीच कळत नाही. ज्या कॅमेऱ्यांत टाइम-लॅप्सची सोय आहे, त्यांत रोज दुपारी एक आणि मध्यरात्री एक असे ठरलेले छायाचित्र घ्यायला लावावे. त्याचा खर्च आधीच्या उदाहरणातील हिशेबाने रोज १ मिलिअँपिअर-तासाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी येतो. मध्यरात्रीचे चित्र ज्या तारखेपासून काळवंडले वा गायब झाले, त्या तारखेनंतरच्या रात्री ‘जनावर आले नाही’ म्हणून मोजता येत नाहीत. त्या नोंदीतून वगळाव्या लागतात.