रेल्वे संग्रहालयातील शालेय उपक्रम

रेल्वे संग्रहालय पाहायला येणाऱ्या शाळांच्या गटांसाठी आखलेले मार्गदर्शित फेरफटके, प्रयोग, खेळ आणि नाट्यीकरण यांना मिळून शालेय उपक्रम म्हणतात. सहल आणि उपक्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहलीत मुले इंजिनांच्या रांगेतून चालत जातात, फोटो काढतात आणि घरी जातात. उपक्रमात अभ्यासक्रमातला एखादाच घटक धरून त्याला लागतील तेवढ्याच वस्तू दाखवतात, पण त्या वस्तूंपाशी निवांत थांबायला मिळते.

असे थांबणे या संग्रहालयांच्या रचनेत सहजी बसत नाही. जर्मनीतील न्यूरेंबर्गचे रेल्वे संग्रहालय १८९९पासून त्या शहरात आहे. अमेरिकेतील बॉल्टिमोरचे १९५३ साली सुरू झाले, तेही १८८४ मध्ये बांधलेल्या गोल शेडमध्ये; इंग्लंडमधील यॉर्कचे १९७५ साली उघडले. भंगारात निघालेली इंजिने वाचवणे ही अशा अनेक संग्रहांमागची पहिली निकड होती, त्यामुळे दालनांची मांडणीही बहुधा इंजिनांच्या मालिकांप्रमाणे लागलेली दिसते. रेल्वेवेड्याला त्यात स्वर्ग सापडतो. नऊ वर्षांच्या मुलाला मात्र तिसरे इंजिन दुसऱ्यासारखेच दिसते आणि पाचव्यापाशी त्याला तहान लागते. म्हणून चांगला मार्गदर्शक तीस इंजिने सोडून देतो आणि एका चाकापाशी बसकण मारतो.

चाकाचा प्रयोग कागदी पेल्यांवर होतो. दोन पेल्यांची तोंडे एकमेकांना चिकटवली की मधे फुगीर आणि टोकांना निमुळता असा रूळगाडा तयार होतो. दोन समांतर काठ्यांच्या उतारावरून तो सोडला की डगमगतो, पण स्वतःच मध्यावर येतो आणि खालपर्यंत पोहोचतो. मग पेल्यांचे बूड बुडाला चिकटवून तोच खेळ करायचा. आता गाडा हातभरही न जाता काठ्यांवरून घसरतो. यानंतर मुलांना खऱ्या चाकावरून बोट फिरवायला सांगतात. रुळावर टेकणारा भाग सपाट नसतो. आतल्या कडेकडे किंचित मोठा आणि बाहेर लहान होत जातो. गाडी डावीकडे सरकली की डावे चाक मोठ्या घेरावर चालते, तेवढ्याच फेऱ्यांत जास्त अंतर कापते आणि जोडी पुन्हा मधे वळते. चाकाची आतली उंच कड गाडीला रुळावर धरून ठेवते, असे बहुतेक मोठ्यांनाही वाटत असते. प्रत्यक्षात ती अखेरचा आधार असते. सोबत आलेल्या शिक्षकांचे चेहरे या वेळी पाहण्यासारखे होतात.

गणितासाठी रूळ हाताशी असतोच. पोलाद दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या सुमारे ०.००००१२ पट वाढते. तापमान ४० अंशांनी चढले, तर एक किलोमीटर मोकळा रूळ साधारण ४८ सेंटीमीटरने लांबेल. हे अंतर दोन हातांनी दाखवायला सांगितले की जुन्या रुळांच्या जोडात फट का ठेवत, हे वेगळे समजवावे लागत नाही. वाफेच्या इंजिनाचे काम बहुधा उभ्या छेदाच्या प्रतिकृतीवर दाखवतात: पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १,६०० पट जागा मागते, आणि ती मागणी दट्ट्यावर वळवली की चाक फिरते.

एकेरी मार्गाचा, म्हणजे दोन्ही दिशांच्या गाड्यांना मिळून एकच रूळमार्ग असण्याचा, खेळ सर्वांत रंगतो. जमिनीवर आखलेल्या एका रेषेच्या दोन टोकांना दोन स्टेशने, दोन स्टेशनमास्तर आणि मुलांच्या दोन ‘गाड्या’. पहिल्या फेरीत काहीच नियम नसतात, त्यामुळे मधोमध टक्कर होते आणि हशा पिकतो. दुसऱ्या फेरीत एकच कडे दिले जाते; ते हातात असल्याशिवाय गाडी निघायची नाही. टक्कर टळते, पण लवकरच कुणीतरी विचारतो: याच बाजूने लागोपाठ दोन गाड्या सोडायच्या असल्या तर? कडे तर पलीकडे गेले! नेमकी हीच अडचण प्रत्यक्षातही होती. १८७४ मध्ये इंग्लंडमधील थॉर्प येथे एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. त्यानंतर एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये विजेने जोडलेली टोकन यंत्रे आणली; टोकन म्हणजे खेळातल्या कड्यासारखाच गाडी सोडण्याचा परवाना. दोन्ही स्टेशनांत अनेक टोकने असतात, पण एक बाहेर असेपर्यंत दुसरे कोणत्याच टोकाला निघत नाही. मुलांनी प्रश्न आधी विचारला असेल, तरच हे यंत्र उघडून दाखवण्यात मजा आहे.

इतिहास आणि भूगोलाचे तास वेळापत्रकाभोवती फिरतात. पृथ्वी एका रेखांशाला चार मिनिटे घेते, म्हणून प्रत्येक गावाची सूर्यवेळ निराळी असे. घोड्यांच्या काळात त्याने काही बिघडत नव्हते. रेल्वेच्या वेळापत्रकाला मात्र ते चालेना, म्हणून अमेरिका आणि कॅनडातील रेल्वे कंपन्यांनी १८ नोव्हेंबर १८८३ रोजी प्रमाण कालपट्टे, म्हणजे प्रत्येक पट्ट्यात सगळीकडे एकच वेळ, अंगीकारले. अमेरिकेत कायदा मात्र १९१८ साली आला. मोठ्या वर्गांना छायाचित्र वाचायला देता येते. १० मे १८६९ रोजी युटातील प्रॉमंटरी येथे पूर्वेचे आणि पश्चिमेचे रूळ जोडले गेले, त्या समारंभाच्या प्रसिद्ध छायाचित्रात पश्चिमेकडचा मार्ग डोंगर फोडून घालणारे हजारो चिनी मजूर जवळजवळ दिसतच नाहीत. ‘या फोटोत कोण नाही?’ हा प्रश्न इंजिनाच्या वजनापेक्षा जास्त काळ लक्षात राहतो.

मार्गदर्शकांत निवृत्त चालक, सांधेवाले, फिटर असतात. इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनने फावडे कसे धरावे, हे त्यांच्याइतके कुणी दाखवू शकत नाही. पण चाकांच्या मांडणीचे आकडे सुरू झाले की थांबतही नाहीत. यावर एक तोड अशी, की बोलायचे काम शिक्षणविभागाकडे आणि हत्यार चालवून दाखवायचे काम त्यांच्याकडे द्यावे. मोठा गट तुकड्यांत विभागून वेगवेगळ्या ठिकाणी फिरवतात. शिटीचा आवाज लहानांना घाबरवतो, म्हणून ती आधी सांगून वाजवतात.

या उपक्रमांत एक अंगभूत विसंगतीही आहे. मुलाला इंजिनावर चढायला, रुळांमध्ये उभे राहायला संग्रहालयच शिकवते, आणि बाहेर हेच जीवघेणे ठरते. म्हणून सुरक्षेचा भाग शेवटी घाईत उरकू नये. रुळांना हात लावतानाच तो यायला हवा. अमेरिकेत १९७२ मध्ये आयडाहो राज्यात सुरू झालेली ‘ऑपरेशन लाइफसेव्हर’ मोहीम फाटकांवरील अपघात टाळण्यासाठी हेच काम करते. ताशी नव्वद किलोमीटरने धावणाऱ्या लांब मालगाडीला आणीबाणीचा ब्रेक लावूनही थांबायला दीड किलोमीटर किंवा अधिक लागू शकतात. नुसता आकडा सांगितला तर मुले मान डोलावतात. मैदानावर शंभर मीटरची दोरी अंथरून ‘अशा पंधरा’ म्हटले की दुसऱ्या टोकाचा मुलगा आधीच ठिपक्याएवढा दिसत असतो.