तरवड

तरवड हे दख्खनच्या माळरानावर, मुरमाड टेकड्यांवर आणि रस्त्याकडेच्या पडीक जमिनीत आपोआप वाढणारे देशी सदाहरित झुडूप आहे. शास्त्रीय नाव सेना ऑरिक्युलाटा. जुन्या ग्रंथांत ते कॅसिया ऑरिक्युलाटा म्हणून येते. भारत आणि श्रीलंका हे त्याचे मूळ क्षेत्र. तमिळमध्ये त्याला आवारम् म्हणतात, तर तेलुगूतील तंगेडू हे तेलंगणाचे राज्यपुष्प असून बतुकम्मा सणाच्या फुलरचनेत त्याला मानाचे स्थान असते.

झुडूप साधारण १ ते ३ मीटर उंच होते. पानात दलिकांच्या (एका पानातल्या छोट्या पानांच्या) ८ ते १२ जोड्या असतात आणि देठाशी कानाच्या पाळीसारखी मोठी, हिरवी उपपर्णे असतात. टाकळा, कासविंदा या भाईबंदांपासून तरवड ओळखण्याची हीच सोपी खूण. फुले सुमारे ५ सेंमी. रुंद, फांद्यांच्या शेंड्यांकडे घोसाने येतात. मुख्य बहर पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत. फुलात मधुरस नसतो. परागकोश टोकाच्या छिद्रांतून उघडतात, त्यामुळे भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो तेव्हाच पराग बाहेर पडतात.

लागवड बियांपासूनच करावी. बियांचे कवच इतके कठीण असते की तसेच पेरलेले बी महिनोन्महिने मातीत पडून राहते. पाणी उकळून विस्तवावरून उतरवावे, २-३ मिनिटांनी त्यात बी टाकावे आणि रात्रभर भिजू द्यावे. विस्तवावर ठेवून बी उकळू नये. आतला गर्भ मरतो. बी थोडे असेल तर पॉलिश पेपरवर एका बाजूने घासणे अधिक खात्रीचे. सकाळी जे बी फुगलेले नसेल त्याला पुन्हा तीच प्रक्रिया करावी. फुगलेले बी १ ते दीड सेंमी. खोल पेरले की बहुधा एक-दोन आठवड्यांत उगवते.

सोटमूळ लवकर खोल जाते. म्हणून उंच पिशवी घ्यावी आणि रोप ३-४ महिन्यांचे असतानाच जागेवर लावावे. पिशवीच्या तळाशी गुंडाळलेले मूळ पुढे सरळ होत नाही आणि असे झाड पहिल्याच उन्हाळ्यात मान टाकते. पावसाच्या तोंडावर थेट जागेवर बी टोकणे हा त्याहून चांगला मार्ग. रोपासाठी ४५ सेंमी. लांब, रुंद व खोल खड्डा, त्यात निघालेलीच माती आणि एक-दोन घमेली शेणखत पुरे. कुंपणासाठी अंतर ६० सेंमी., सुटी झुडपे हवी असल्यास दीड मीटर.

पहिल्या उन्हाळ्यात १०-१५ दिवसांतून एकदा भरपूर पाणी द्यावे. पुढे पावसावर भागते. बागेत तरवड मरतो तो बहुतेक वेळा लाडाने. हिरवळीच्या फवाऱ्याखाली किंवा पाणी साचणाऱ्या चिकण मातीत त्याची मुळे कुजतात, आणि पाने पिवळी पडली म्हणून माळी आणखी पाणी घालतो. युरिया दिल्यास पाला माजतो, फूल कमी येते. सावलीत झुडूप उंच, विरळ होते. दिवसभर ऊन हवेच.

फुले नव्या फुटव्यावर येतात, त्यामुळे छाटणीची वेळ महत्त्वाची. शेंगा वाळल्यानंतर, पावसाळ्यापूर्वी फांद्या एक तृतीयांश कापाव्यात. ऑगस्टमध्ये कातर चालवली की त्या वर्षीचा बहर गेलाच. ३-४ वर्षांनी बुंध्याकडून उघडे पडलेले झुडूप जमिनीपासून ३० सेंमी.वर कापले तर पुन्हा दाट फुटते. सगळी झुडपे एकाच वर्षी कापू नयेत.

पाने खाणाऱ्या हिरव्या अळ्या बहुधा भटक्या जातीच्या फिकट फुलपाखरांच्या असतात. झुडूप लवकरच पुन्हा पालवते, फवारणीची गरज नाही. पिठ्या ढेकूण आल्यास तो शेंडा तोडून टाकावा. तरवड शेंगवर्गीय असला तरी त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी होत नाहीत, तेव्हा जमीन सुपीक करण्यासाठी तो लावणे व्यर्थ. सालीत मात्र टॅनिन भरपूर. दक्षिण भारतात कातडी कमावण्यासाठी ही साल फार वापरली जाई, पुढे वॅटल या परदेशी बाभळीच्या सालीने तिची जागा घेतली.

बियाण्यासाठी तपकिरी, कागदासारख्या झालेल्या शेंगा झाडावरूनच तोडाव्यात. भुंगेऱ्यांनी पोखरलेले बी पाण्यावर तरंगते, ते काढून टाकावे. उरलेले सावलीत नीट वाळवून बंद डब्यात ठेवल्यास काही वर्षे टिकते.