दुसरा कॅचर घ्यायचा, पण कुणासाठी?

डिसेंबर २०१४ मध्ये शिकागो कब्ज या अमेरिकी बेसबॉल संघाने दोन करार केले. पहिला जॉन लेस्टर या डावखुऱ्या पिचरशी, म्हणजे गोलंदाजाशी : सहा वर्षं, १५ कोटी ५० लाख डॉलर. दुसरा डेव्हिड रॉस या कॅचरशी : दोन वर्षं, ५० लाख डॉलर. पहिल्या कराराचं कारण कुणाला समजावून सांगावं लागलं नसतं. दुसऱ्याचं लागलं असतं. रॉस ३७ वर्षांचा होता आणि आदल्या मोसमात त्याची फलंदाजीची सरासरी होती .१८४, म्हणजे शंभर संधींमध्ये जेमतेम अठरा यशस्वी फटके (हिट). संघात वेलिंग्टन कॅस्टियो हा कॅचर होताच, शिवाय त्याच महिन्यात अ‍ॅरिझोनाकडून मिगेल मोन्टेरोलाही आणलं होतं. १९०८ नंतर एकदाही वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, न जिंकलेल्या आणि नुकतेच ८९ सामने हरलेल्या या संघाला आणखी एक वयस्कर कॅचर कशाला हवा होता?

दर हिवाळ्यात कुठला ना कुठला संघ याच प्रश्नापाशी येऊन थांबतो. आकड्यांच्या तक्त्यात पाहिलं तर उत्तर जवळजवळ नेहमीच ‘नको’ असं येतं. तरीही संघ अशा खेळाडूंना घेत आले आहेत, आणि त्यामागे बराच जुना अनुभव आहे.

आधी ही जागा समजून घ्यायला हवी. आपल्याला कॅचर म्हटलं की यष्टिरक्षक आठवतो, आणि तुलना काही अंतर बरोबर चालतेही. पण यष्टिरक्षक गोलंदाजाने टाकलेला चेंडू घेतो, तर कॅचर बहुतेक वेळा कुठला चेंडू टाकायचा हेही सुचवतो. मैदानावर समोरचा सगळा खेळ दिसेल अशा बाजूला तोंड करून बसलेला तो एकटाच. साडेसाठ फुटांवरून ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने येणारे दीडेकशे चेंडू तो उकिडवा बसून झेलतो. बॅटची कड घेऊन उडालेले चेंडू मुखवट्यावर, खांद्यावर, बोटांवर आदळतात ते वेगळेच. नियमित मोसम १६२ सामन्यांचा, आणि तो सहा महिन्यांत संपवायचा असतो. १९६८ साली कब्जच्याच रँडी हंडलीने एका मोसमात १६० सामन्यांत हे काम केलं. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही, आणि आज कुठला संघ आपल्या कॅचरला तसं करूही देणार नाही. मुख्य कॅचर साधारण ११० ते १२० सामने खेळतो. उरलेले चाळीस-पन्नास दुसऱ्याला खेळावेच लागतात. क्रिकेटमधल्या बाराव्या खेळाडूसारखं त्याचं खेळणं ‘कुणी जायबंदी झालं तर’ या अटीवर नसतं.

आता ते चाळीस-पन्नास सामने कुठले, हा खरा मुद्दा. बेसबॉलमध्ये सुरुवात करणारे पिचर पाच असतात आणि ते आळीपाळीने खेळतात. दुसऱ्या कॅचरचे सामने त्यातल्या एकाच पिचरशी बांधून टाकता येतात. फिलाडेल्फिया फिलीजमध्ये सत्तरच्या दशकात नेमकं हेच घडलं. मुख्य कॅचर होता बॉब बून, बचावातला पक्का माणूस. पण पिचर स्टीव्ह कार्लटनला चेंडू टाकायचे असत ते टिम मॅकार्व्हरला. दोघांची ओळख सेंट लुइस कार्डिनल्सपासूनची होती. मॅकार्व्हर तिशीच्या मध्याला आलेला होता, १९७५ मध्ये बोस्टनने त्याला सोडून दिलं होतं, आणि फिलीजने त्याला उचललं. पुढची काही वर्षं कार्लटनचे सामने म्हणजे मॅकार्व्हरचे सामने, हे ठरून गेलं. १९७७ मध्ये कार्लटनला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. ग्रेग मॅडक्स हा पिचर अटलांटात होता तेव्हा हावी लोपेझसारखा दणकेबाज फलंदाज कॅचर संघात असूनही मॅडक्सच्या दिवशी बहुतेकदा एडी पेरेझ मुखवटा चढवत असे.

हे लाड वाटतील. लाड नव्हे हे बोस्टन रेड सॉक्सला २००६ मध्ये कळलं, आणि तो धडा मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

टिम वेकफील्ड नकलबॉल टाकायचा. बोटांच्या टोकांत धरून जवळजवळ फिरकीच न देता सोडलेला हा चेंडू हवेत कुठे वळेल हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. फलंदाजाला तो कळत नाही हे ठीक, पण कॅचरलाही कळत नाही, आणि निसटला की बेसवरचा (धाव पुरी करताना गाठायच्या थांब्यावरचा) धावपटू पुढे सरकतो. डग मिराबेली हा राखीव कॅचर वर्षानुवर्षं मोठा मिट (कॅचरचा हातमोजा) घालून वेकफील्डला झेलत होता. डिसेंबर २००५ मध्ये रेड सॉक्सने त्याला सॅन डिएगोला देऊन टाकलं. मोबदल्यात मार्क लोरेटा हा चांगला नियमित खेळाडू मिळाला, म्हणजे कागदावर सौदा फायद्याचाच. संघाचे जनरल मॅनेजर थिओ एपस्टाइन त्या सुमारास राजीनामा देऊन बाहेर होते. जानेवारीत ते परतले.

वेकफील्डसमोर आता जॉश बार्ड आला. त्याने आटोकाट प्रयत्न केला, पण वेकफील्डच्या पाच सामन्यांत त्याच्या हातून दहा चेंडू निसटले. १ मे २००६ रोजी रेड सॉक्सने मिराबेलीला परत आणलं. त्याच संध्याकाळी फेनवे पार्कवर यांकीजविरुद्ध वेकफील्डचा सामना होता. मिराबेली विमानतळावरून पोलिसांच्या गाडीतून, वाटेत गाडीतच संघाचे कपडे चढवत, अगदी ऐन वेळी मैदानावर पोहोचला आणि थेट प्लेटमागे, म्हणजे फलंदाजाच्या मागच्या जागी, जाऊन बसला. किंमत मात्र जबर पडली. बदल्यात दिलेल्या बार्डने सॅन डिएगोसाठी त्या वर्षी .३३८ च्या सरासरीने फलंदाजी केली, आणि त्याच्यासोबत गेलेला तरुण पिचर क्ला मेरेडिथही तिथे चमकला. मिराबेलीची सरासरी बोस्टनमध्ये .२०० च्याही खाली राहिली. व्यवहार म्हणून हा तोट्याचाच. पण दुसरा कॅचर हा सहज बदलता येणारा सुटा भाग असतो, या समजुतीची किंमत बोस्टनने रोख मोजली होती. २००७ मध्ये रेड सॉक्स वर्ल्ड सिरीज जिंकले तेव्हा मिराबेली संघात होता.

एपस्टाइन पुढे शिकागोला गेले. डिसेंबर २०१४ मध्ये कब्जचे सर्वेसर्वा तेच होते.

लेस्टरची अडचण नकलबॉलची नव्हती, पण तिच्याइतकीच अवघड होती. हा अव्वल दर्जाचा पिचर पहिल्या बेसकडे चेंडू फेकू शकत नसे. फलंदाजाला अचूक चेंडू टाकणारा तोच हात बेसकडे वळला की बांधल्यासारखा होई. २०१४ च्या अख्ख्या मोसमात त्याने धावपटूला रोखायला पहिल्या बेसकडे एकदाही चेंडू फेकला नाही. याचा परिणाम ३० सप्टेंबर २०१४ रोजी साऱ्यांनी पाहिला. मोसमाच्या मध्यात बोस्टनहून ओकलंडला गेलेला लेस्टर कॅन्सस सिटीविरुद्ध बाद फेरीचा एकमेव सामना खेळत होता. ओकलंडने त्या दिवशी जेओव्हानी सोटोला कॅचर म्हणून उतरवलं, कारण त्याची फेक बरी होती. सोटोच्या अंगठ्याला सुरुवातीलाच दुखापत झाली आणि तो बाहेर गेला. पुढे कॅन्सस सिटीच्या धावपटूंनी सामन्यात सात बेस चोरले, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच धावून पुढचा बेस गाठला, आणि १२ डावांत ९-८ असा विजय मिळवला. एक राखीव कॅचर, एक अंगठा, आणि मोसम संपला. अडीच महिन्यांनी कब्जने लेस्टरसाठी तिजोरी उघडली तेव्हा ही रात्र कुणीच विसरलेलं नव्हतं.

रॉसने बोस्टनमध्ये लेस्टरला झेललं होतं. २०१३ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये पाचव्या सामन्यात लेस्टर पिचर आणि रॉस कॅचर होते, आणि संघाला आघाडी देणारा फटकाही रॉसचाच होता. त्याच वर्षी डोक्याला दोनदा मार बसून मेंदूला धक्का बसल्याने तो बराच काळ बाहेर होता, हेही विसरायला नको. राखीव कॅचर चाळिशीकडे झुकतो तेव्हा त्याच्या शरीराने काय सोसलेलं असतं, ते पगाराच्या आकड्यात दिसत नाही. रॉसचा खांदा मजबूत होता आणि तो न घाबरता गुडघ्यांवरूनच पहिल्या बेसकडे फेक करायचा. लेस्टरला जे जमत नव्हतं, ते त्याच्याऐवजी रॉस करू शकत होता.

शिवाय एक नवं कारणही होतं. २००६-०७ पासून मैदानांवर प्रत्येक चेंडूचा मार्ग मोजणारे कॅमेरे बसले. काठावरचा चेंडू हात न हलवता, शांतपणे झेलून पंचाकडून स्ट्राइक (फलंदाजाविरुद्ध जाणारा निर्णय) मिळवण्याची कला जुन्या प्रशिक्षकांना माहीत होतीच, आता ती मोजता येऊ लागली. २०११ मध्ये माइक फास्ट यांनी केलेल्या अभ्यासात होझे मोलिना सगळ्यांच्या वर निघाला. तो कारकीर्दभर राखीव कॅचर राहिला होता आणि फलंदाजीत यथातथाच होता. टँपा बे रेजने त्याला लगेच करारबद्ध केलं, आणि वयाच्या ३७व्या वर्षी त्याने १०२ सामने खेळले. रॉसचंही नाव या कलेत वरच्या लोकांत होतं. म्हणजे .१८४ च्या मागे दडलेलं काहीतरी संघांना आता आकड्यांतही दिसत होतं.

२०१५ मध्ये रॉसची सरासरी आणखी घसरून .१७६ झाली. लेस्टरविरुद्ध धावपटूंनी त्या मोसमात ४४ बेस चोरले. तेव्हा कुणी हा करार फसला असं म्हटलं असतं, तर त्याला खोडून काढणं कठीण होतं. २०१६ मध्ये चित्र पालटलं. रॉसने ६७ सामन्यांत १० होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारले, लेस्टर १९ सामने जिंकला, आणि २१ एप्रिलला जेक अरिएटाने सिनसिनाटीला एकही हिट दिला नाही तेव्हा प्लेटमागे रॉस होता. जूनमध्ये विल्सन कॉन्ट्रेरास हा तरुण कॅचर आला. त्याच्यासाठी ‘ग्रँडपा रॉसी’ हा रोजचा शिक्षक होता.

२ नोव्हेंबर २०१६, क्लीव्हलँड, सातवा सामना. पाचव्या डावात लेस्टरला आणलं, म्हणून कॉन्ट्रेरासला काढून रॉसलाही आणलं. रॉसची पहिलीच फेक चुकली. मग लेस्टरचा एक चेंडू जमिनीवर आपटून रॉसच्या मुखवट्यावर आदळला, दूर गेला आणि दोन धावा गेल्या. पुढच्याच डावात ३९ वर्षांच्या रॉसने अँड्र्यू मिलरला होम रन मारला. वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात होम रन मारणारा तो सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला. कब्जने दहाव्या डावात ८-७ असा सामना जिंकला. आठवी, म्हणजे निर्णायक ठरलेली धाव मोन्टेरोच्या हिटवर आली. कॉन्ट्रेरासनेही चौथ्या डावात एक धाव मिळवून दिली होती. तिन्ही कॅचरांच्या बॅटीतून त्या रात्री धावा आल्या. २०१४ मध्ये ज्या गर्दीवर प्रश्नचिन्ह होतं, ती गर्दी अशी फळाला आली.

रॉस २०२० ते २०२३ कब्जचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, होता. ब्रूस बोची, केव्हिन कॅश आणि स्टीव्हन व्होग्ट हेही कॅचरच्या जागेवरूनच त्या खुर्चीत गेले. आपल्याकडे चंद्रकांत पंडित आठवतात. किरण मोरे यांच्या काळात यष्टिरक्षक असल्याने त्यांच्या वाट्याला ५ कसोटी आल्या, पण प्रशिक्षक म्हणून त्यांनी विदर्भाला सलग दोनदा रणजी करंडक मिळवून दिला.

पण रॉसच्या गोष्टीवरून प्रत्येक वयस्कर कॅचर घ्यावा असं मुळीच ठरत नाही. २०२४ मध्ये शिकागोच्याच दुसऱ्या संघाने, व्हाइट सॉक्सने, मार्टिन माल्डोनाडोला ४० लाख डॉलरला घेतलं. ह्यूस्टनमध्ये पिचर सांभाळण्याबद्दल त्याचं नाव होतं आणि ते खरंही होतं. पण ह्यूस्टनचे पिचर त्याच्याबरोबर आले नव्हते. त्याची सरासरी .११९ राहिली, मोसम संपण्याआधीच त्याला मोकळं केलं, आणि संघ १२१ सामने हरला. अनुभव चांगला होता, पण तो ज्याच्या कामी यावा असा लेस्टर तिथे नव्हता.

निकष आता पुन्हा बदलत आहेत. २०२३ मध्ये बेस मोठे झाले, पिचरने बेसकडे वळण्यावर मर्यादा आली, आणि चोरलेले बेस एका वर्षात २,४८६ वरून ३,५०३ वर गेले. त्यामुळे फेकीचा भाव वाढला. २०२६ पासून पंचाच्या स्ट्राइकच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देता येतं. हे आव्हान फक्त फलंदाज, पिचर किंवा कॅचरच देऊ शकतो, आणि सुरुवातीला प्रत्येक संघाच्या हातात दोनच आव्हानं असतात. पंचाला स्ट्राइक पटवण्याच्या कलेची किंमत त्यामुळे काहीशी उतरेल. पण दोनपैकी एक आव्हान कुठल्या चेंडूवर खर्च करायचं, हे क्षणात ठरवण्यासाठी सगळ्यांत चांगली जागा प्लेटमागचीच आहे. हजारो चेंडू तिथून पाहिलेल्या डोळ्यांना किती पैसे द्यायचे, याचा हिशेब संघ आता नव्याने मांडत आहेत.