कांद्याचे मित्र आणि शंभर डॉलर

टॉर म्हणजे ओळख लपवून इंटरनेट वापरू देणारं जाळं. जुलै २०१२ मध्ये टॉर प्रकल्पाच्या संस्थापकांपैकी एक, रॉजर डिंगलडाइन, यांनी स्वयंसेवकांपुढे एक प्रस्ताव ठेवला. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ ही प्रसारणसेवा चालवणारी अमेरिकी सरकारी संस्था टॉरच्या वेगवान सर्व्हरांचा खर्च उचलायला तयार होती. १०० मेगाबिटची जोडणी देणाऱ्या सर्व्हरमागे महिन्याला साधारण १०० डॉलर, आणि असे सव्वाशेहून जास्त सर्व्हर. २००२ पासून हे निनावी जाळं स्वयंसेवकांनी उभ्या केलेल्या सर्व्हरांवर चालत आलं होतं. दोन महिने चांगला सर्व्हर चालवला, तर प्रकल्पाकडून एक टीशर्ट मिळायचा. आता पैसे घ्यायचे का?

त्यासाठी टॉर चालतं कसं ते आधी बघावं लागेल. समजा, तुम्ही टॉर ब्राउझरमधून बातम्यांचं एखादं संकेतस्थळ उघडलं. ब्राउझर जगभरातल्या हजारो सर्व्हरांतून तीन निवडतो. तुमची मागणी एका पाकिटात, ते दुसऱ्यात, ते तिसऱ्यात अशी बंद होते आणि प्रत्येक पाकीट ठरलेल्या एकाच सर्व्हरला उघडता येतं. पहिला सर्व्हर वरचं पाकीट फोडतो, आत पुढच्याचा पत्ता निघतो, उरलेलं तो पुढे पाठवतो. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, पण कुठे निघालात ते कळत नाही. शेवटच्याला ठिकाण कळतं, पण माणूस कळत नाही. मधल्याला फक्त दोन्हीकडचे शेजारी ठाऊक. कांद्याचे पापुद्रे निघावेत तसा हा प्रकार, म्हणून नाव ओनियन राउटिंग. ही कल्पना १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली.

पण पहिला आणि तिसरा सर्व्हर एकाच मालकाचे निघाले तर? त्याला पाकीट फोडायचीही गरज नाही. या टोकाला कधी आणि किती माहिती शिरली, त्या टोकाला कधी आणि किती बाहेर पडली, एवढं जुळवलं की तुमची ओळख उघडी पडते. सांकेतिक कुलूप कितीही पक्कं असो, सर्व्हर मोजक्या हातांत गेले की त्याचा उपयोग संपतो.

२०१२ मध्ये नेमकी तीच भीती होती. तिसऱ्या जागेवरच्या सर्व्हराला एक्झिट म्हणतात. २५ ते ३० टक्के वेळा वापरकर्त्याची गाठ सर्वांत वेगवान पाच एक्झिटपैकी एकाशी पडायची, आणि ८० टक्के निवडी चाळीस-पन्नास सर्व्हरांतच आटोपायच्या. एक्झिट चालवायला माणसं कचरतात, कारण संकेतस्थळाला पत्ता दिसतो तो त्याचा. वापरणाऱ्याने काही गुन्हा केला, तर पोलीस सर्व्हर चालवणाऱ्याच्या दारात येतात. मॉस्कोतल्या गणिताच्या एका शिक्षकाला एप्रिल २०१७ मध्ये अशीच अटक झाली. त्याच्या घरच्या एक्झिटमधून दुसऱ्याच कुणाच्या चिथावणीखोर पोस्ट गेल्या होत्या. आधी कोठडी, मग नजरकैद, आणि आरोप मागे घेतले गेले ते २०१८ मध्ये. शंभर डॉलरमध्ये सर्व्हरचं भाडं निघतं. हा मनस्ताप कशातून भरून निघणार?

दुसरी शंका माणसाच्या स्वभावाची. इस्रायलच्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांमध्ये अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना सहा पाळणाघरांनी दंड लावला. उशिरा येणारे वाढून जवळपास दुप्पट झाले! पूर्वी बाईंना ताटकळत ठेवायचं म्हणजे पालकांना ओशाळल्यासारखं व्हायचं, आता उशिराचे पैसे मोजले की झालं. या प्रयोगातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: दंड रद्द केल्यावरही उशीर कमी झाला नाही. टॉरच्या स्वयंसेवकांनाही हाच घोर होता. आज पैसे सुरू झाले आणि दोन वर्षांनी अनुदान आटलं, तर पूर्वी फुकट चालवणारे परत येतील का?

त्यात शत्रू आयता टपलेला असतो. २०१४ मध्ये जानेवारीच्या अखेरीपासून ४ जुलैपर्यंत कुणीतरी ११५ सर्व्हर जाळ्यात घुसवून ठेवले होते, तेही वापरकर्त्यांची ओळख फोडण्याच्या उद्देशाने. मे २०२० मध्ये तर एक्झिट क्षमतेचा जवळपास चोवीस टक्के हिस्सा एकाच लबाड मालकाकडे गेला होता. यांना टॉरकडून काही पैसे मिळत नव्हते. दर मेगाबाइटमागे मोबदला ठेवला, तर त्यांच्या सर्व्हरांचं भाडं आपणच भरू.

आणि मोबदला द्यायचा म्हणजे हिशेब आला. कुणी किती माहिती वाहिली याची नोंद ठेवायची, आणि ज्या जाळ्यात ठेवायची ते मुळी असल्या नोंदी राहू नयेत म्हणूनच उभं आहे! २०१० मध्ये डिंगलडाइन आणि दोन सहकाऱ्यांनी पैशांऐवजी सोनेरी ताऱ्याची कल्पना मांडली. चांगला सर्व्हर चालवणाऱ्याला तारा मिळेल, आणि त्याची स्वतःची माहिती जाळ्यातून आधी पुढे जाईल. कल्पना सुंदर आहे, पण जरा विचार करा. तारा लागलेली माहिती दिसली की ती सर्व्हर चालवणाऱ्यांपैकीच कुणाची तरी आहे, हे लगेच कळतं. लाखोंच्या गर्दीत लपलेला माणूस काही हजारांत उघडा पडतो.

माझं मत असं, की मेगाबाइटला भाव ठरवू नये, पण सर्व्हरचं भाडं मात्र चालवणाऱ्याच्या खिशातून जाऊ नये. युरोपातल्या लहान लहान संस्थांनी ही वाट धरली आहे. त्यांची नावं आपल्या लासलगावकरांना आवडावीत अशी आहेत: फ्रान्सची संस्था म्हणजे ‘आमचे कांदे’, जर्मनीची आणि लक्झेंबर्गची ‘कांद्याचे मित्र’. देणग्या गोळा करायच्या, भाडं भरायचं आणि पोलिसांच्या पत्रांना संस्थेच्या नावाने उत्तर द्यायचं. एकट्या माणसावरचं ओझं असं वाटलं जातं, आणि देशोदेशी नवे हात जोडले जातात.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या लेबनन गावच्या किल्टन सार्वजनिक वाचनालयाने २०१५ च्या उन्हाळ्यात टॉरचा एक सर्व्हर सुरू केला. अंतर्गत सुरक्षा खात्याच्या अधिकाऱ्याने स्थानिक पोलिसांना कळवलं, पोलीस वाचनालयाशी बोलले आणि सर्व्हर बंद झाला. १५ सप्टेंबरला विश्वस्तांची बैठक भरली, तेव्हा गावकरी आले आणि एकामागून एक उठून सर्व्हरच्या बाजूने बोलले. विश्वस्तांनी तो पुन्हा चालू केला.