स्टीमचा ड्रायर: घेताना, वापरताना, जपताना

मृग लागला की कोकणात कपडे वाळवणे हे रोजचे मोठे काम होऊन बसते. रत्नागिरीच्या पट्ट्यात वर्षाला ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घरातली हवाच इतकी ओली असते की पंख्याखाली दोन दिवस टाकलेली जीन्सदेखील कमरेच्या पट्टीत आणि खिशांच्या शिवणीत ओलसरच राहते. गणवेशाला कुबट वास येतो तो यामुळेच. म्हणून मे महिन्यापासून आमच्याकडे ड्रायरची चौकशी सुरू होते आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "स्टीमवाला आहे का?"

वाफेचे काम नेमके काय

स्टीम ड्रायरमध्ये कपडे वाफेने वाळत नाहीत. वाळवते ती गरम हवा आणि फिरता ड्रम. वाफ हा त्यातला वेगळा प्रोग्राम असतो. कोरड्या, फार तर किंचित दमट कपड्यांवर वाफ सोडली की सुती धागा मऊ पडतो, सुरकुत्या सैल होतात आणि कपाटात बसलेला वास बराच कमी होतो. एका वेळी चार-पाच शर्ट घातले तर परिणाम चांगला दिसतो. ड्रम भरून घातले तर दिसत नाही. डाग, घामाचे पिवळे पट्टे आणि बुरशीचे काळे ठिपके मात्र वाफेने जात नाहीत, ते कपडे धुवावेच लागतात. कॉलरला कडक इस्त्री लागत असेल तर इस्त्रीही सुटत नाही.

तेव्हा आमचे मत असे: रोज ऑफिसचे शर्ट लागतात किंवा कपाटातल्या कपड्यांना पावसाळ्यात वास धरतो, अशा घरी स्टीमचे जास्तीचे पैसे वसूल होतात. ज्यांचा मुख्य त्रास लंगोट, दुपटी, टॉवेल आणि चादरी वाळण्याचा आहे, त्यांनी बिनस्टीमचा पण चांगला ड्रायर घ्यावा आणि ते पैसे हीट पंपाच्या, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ड्रायरमध्ये घालावेत.

तीन जाती

व्हेंटेड ड्रायर सर्वांत स्वस्त. हीटरने तापवलेली हवा कपड्यांतून जाते आणि ओली होऊन जाड नळीवाटे घराबाहेर पडते. नळी आखूड, सरळ आणि बाहेरच काढलेली हवी. ती खोलीतच सोडली तर भिंतींना बुरशी धरते. ज्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे तिथे व्हेंटेड ड्रायर लावून घेऊ नका. ड्रायर खोलीतली हवा बाहेर ओढतो, त्यामुळे गीझरचा जळका वायू बाहेर जाण्याऐवजी आत येऊ शकतो. त्या वायूतल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अशी जागा दिसली तर आम्ही जोडणी करत नाही.

कंडेन्सर ड्रायरला नळी लागत नाही. वाफेचे पाणी होऊन टाकीत जमते. पण हीटर तोच, वीजही जवळपास तेवढीच, आणि खोली तापते.

हीट पंपाचा ड्रायर महाग, पण तो फ्रिजसारख्या कॉम्प्रेसरवर चालतो आणि एकदा वापरलेली उष्णता पुन्हा पुन्हा वापरतो. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६३ युनिट ऊर्जा लागतेच. सहा किलो सुती कपडे मध्यम पिळले तरी त्यांत साडेतीन लिटरच्या आसपास पाणी उरते. ते उडवायला हीटरचा ड्रायर ३ ते ४ युनिट घेतो, हीट पंप साधारण दीड ते दोन. युनिटचा दर १० रुपये धरला तर एका घाण्यामागे १५-२० रुपयांचा फरक. रोज एक घाणा लावणाऱ्या घरात जादा किंमत काही पावसाळ्यांत भरून निघते. आठवड्यातून एकदा वापरणाऱ्याच्या घरात ती निघेलच असे आम्ही सांगणार नाही. हीट पंपाला वेळ जास्त लागतो, अडीच-तीन तास धरा. मात्र त्याची हवा कमी तापत असल्याने कपड्यांचा कस टिकतो.

धुणे आणि वाळवणे एकाच यंत्रात देणारेही मॉडेल येते. जागा अगदीच कमी असेल तरच घ्या. त्यात आठ किलो धुतले तर पाचेक किलोच वाळतात, म्हणजे तीनेक किलो कपडे बाहेर काढावे लागतात.

पिळणे सुधारा, मग ड्रायर

बिल कमी करायचा सर्वांत सोपा उपाय वॉशिंग मशीनमध्ये आहे. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर पिळलेल्या एक किलो सुती कपड्यात सुमारे ७०० ग्रॅम पाणी राहते, १४०० फेऱ्यांवर सुमारे ५००. सहा किलोंच्या घाण्यात हा फरक सव्वा लिटरच्या आसपास जातो, म्हणजे हीटरच्या ड्रायरमध्ये जवळपास एक युनिट. ज्यांचे टॉप लोड मशीन कमी फेऱ्यांचे आहे त्यांनी पिळण्याचा प्रोग्राम दुसऱ्यांदा लावावा. पिळण्याची वीज वाळवण्याच्या विजेपुढे नगण्य असते. सेमी ऑटोमॅटिकचा पिळायचा टब चांगलाच जोरात फिरतो. तो असेल तर कपडे आधी त्यातून काढा.

जागा आणि वीज

हीटरचा ड्रायर २००० ते २५०० वॉट ओढतो. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, स्वतंत्र एमसीबी आणि चालू अर्थिंग हवेच. एक्स्टेंशन बोर्डावर ड्रायर लावू नका. घरच्या इन्व्हर्टरवर तो चालत नाही. विजा कडाडत असतील तर प्लग काढून ठेवा.

वॉशिंग मशीनवर ड्रायर चढवायचा असेल तर खालचे मशीन फ्रंट लोड हवे आणि मधे त्या मॉडेलचा स्टॅकिंग किट हवा. नुसता वर ठेवलेला ड्रायर पिळण्याच्या थरथरीने सरकत सरकत पडतो. हीट पंपाचे यंत्र घर बदलताना आडवे झाले, तर उभे करून एक दिवस तसेच ठेवा आणि मगच सुरू करा. कॉम्प्रेसरमधले तेल जागेवर यायला तेवढा वेळ द्यावा लागतो.

वापरताना

घालण्याआधी प्रत्येक कपडा झटका. जाड आणि पातळ कपडे एकत्र टाकू नका. ओढणी लवकर वाळते आणि टॉवेल ओलाच राहतो. चादर एकटी टाकलेली बरी, नाहीतर बाकीचे कपडे तिच्या पोटात गुंडाळून बसतात आणि आतला गोळा ओला निघतो. इस्त्री करायचीच असेल तर 'इस्त्रीपुरते ओलसर' हा प्रोग्राम लावा, वीज वाचते आणि इस्त्रीही सहज फिरते. प्रोग्राम संपला की लगेच काढून घडी घाला.

कपड्याच्या आतल्या लेबलावर चौकोनात गोल असेल तर ड्रायर चालतो. गोलात एक ठिपका म्हणजे कमी उष्णता, दोन ठिपके म्हणजे नेहमीची, आणि फुली असेल तर दोरीवरच. पैठणी, रेशमी साड्या, जरीचे काठ आणि लोकरीचे कपडे यांना ड्रायर नाहीच. रबर किंवा फोम असलेली वस्तूही नको.

तेलाचे कपडे: हे नीट वाचा

बाळाच्या मालिशचा टॉवेल, तेल लावलेल्या डोक्याखालची उशीची खोळ, ओट्यावरची फडकी यांत तेल मुरलेले असते आणि ते एका धुण्यात पूर्ण निघत नाही. असे कपडे गरम अवस्थेत ढीग करून ठेवले की तेलाची हवेशी क्रिया सुरू राहते, आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. तेही ड्रायर बंद झाल्यावर. म्हणून तेलकट फडकी ड्रायरमध्ये घालूच नका. टॉवेल गरम पाण्यात, जास्त पावडरीने धुवा आणि नाकाला लावून पाहा. तेलाचा वास असेल तर दोरीवर टाका. रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर लागलेला कपडा कितीही धुतला तरी ड्रायरमध्ये नको.

शेवटची काही मिनिटे ड्रायर थंड हवा फिरवतो, ती याच कारणासाठी. मधेच बंद करावा लागला तर कपडे लगेच बाहेर काढून पसरा. वीज गेली तरी तेच करा.

सफाई

दारापाशी जी जाळी आहे ती प्रत्येक घाण्यानंतर काढायची. तिच्यावर राखाडी कापसाचा पापुद्रा बसतो, एका कडेने उचलला तर अखंड निघतो. ती तुंबली की हवा अडते, वेळ वाढतो आणि आगीचा धोकाही. महिन्यातून एकदा जाळी नळाखाली धरून पाहा. पाणी आरपार न जाता जाळीवर साचले, तर कपडे मऊ करायला धुताना घातलेल्या सॉफ्टनरचा थर बसलेला आहे. मऊ ब्रशने साबणाच्या पाण्यात घासा आणि पूर्ण वाळवून मगच बसवा.

पाण्याची टाकी दर वेळी रिकामी करा. ते पाणी लादी पुसायला चालते. पिऊ नका आणि कुत्र्या-मांजरांनाही देऊ नका. कंडेन्सर मॉडेलचा खालचा भाग बाहेर निघत असेल तर महिन्याला नळाखाली धुवा. हीट पंपाच्या पातळ पत्र्यांच्या पट्ट्या मात्र हाताने चेपू नका, मऊ ब्रशने वरून खाली झाडा. त्यांच्या कडा बोट कापतात.

ड्रमच्या आत दाराजवळ दोन धातूच्या पट्ट्या दिसतील. कपडे ओले आहेत की वाळले हे यंत्र त्यांवरून ओळखते. त्यांवर सॉफ्टनरचा थर चढला की कपडे ओले असतानाच ड्रायर थांबतो. व्हिनेगर लावलेल्या फडक्याने त्या पुसा.

स्टीमची टाकी वेगळी असेल तर तिच्यात डिस्टिल्ड पाणीच घाला. बोअरवेलच्या पाण्यातला क्षार वाफेच्या बारीक तोंडात पांढरा होऊन बसतो. अत्तर किंवा सुगंधी द्रव टाकीत घालू नका. पावसाळा सरल्यावर दोन्ही टाक्या रिकाम्या करा, दार किंचित उघडे ठेवा, प्लग काढा. व्हेंटेडची नळी बाहेरून झाका, कारण तिच्यात पाली आणि उंदीर शिरतात.

आम्हाला फोन करण्याआधी

ड्रायर जास्त वेळ घेत असेल तर आधी जाळी, मग टाकी, मग कपडे नीट पिळले होते का ते पाहा. लवकर थांबत असेल तर धातूच्या पट्ट्या पुसा. वाफ येत नसेल तर स्टीमची टाकी भरलेली आहे का आणि प्रोग्राम स्टीमचाच लावला आहे का ते तपासा. एवढे पाहूनही अडले तर फोन करा, यंत्राच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर हाताशी ठेवा. जळका वास आला, प्लग हाताला गरम लागला किंवा एमसीबी वारंवार पडू लागला तर काही तपासत बसू नका. एमसीबी बंद करा, मग प्लग काढा आणि आम्ही येईपर्यंत यंत्र सुरू करू नका.